आतून थाप

गेर्ट्रुडनं दारावर थाप मारली तेव्हा विलाड्स रंगारी बिअरमध्ये शिजवलेली काळ्या पावाची पेज पीत बसला होता. थाप बाहेरूनच आली असणार असं धरून मान वर न करता तो म्हणाला, "कोण आहे?"  पुन्हा थाप. मग त्यानं बघितलं, तर दाराशी बायकोच उभी. डोक्याला रुमाल, हातात मासळीची टोपली, तोंड दाराकडे, पाठ त्याच्याकडे. स्वतःच्याच घरात उभी राहून ती स्वतःच्याच घराचं दार ठोठावत होती. "कडी अडकली का गं?" त्यानं विचारलं. ती दाराकडेच बघत राहिली. तो उठला, निळ्या बोटांनी कडी उचलली. कडी अलगद वर आली. उन्हाळ्यात त्यानंच कडीला चरबी लावली होती. गेर्ट्रुड बाहेर पडली, बाजारात गेली, हेरिंग मासे घेऊन आली, तळले, वाढले, आणि "मीठ बेताचंच घातलंय, बघा" असं रोजच्या आवाजात म्हणाली. तो रोजचा आवाजच त्याला खुपला. बाई भांडली असती, आदळआपट केली असती, तर त्यानंही चार शब्द सुनावून मोकळं वाटून घेतलं असतं. हे काय भलतंच? विहिरीवर जायचं, थाप. चर्चला जायचं, थाप. येताना मात्र सरळ कडी उचलून आत यायची, जसं कोणीही आपल्या घरात येतं. आत येण्याला तिची हरकत नव्हती. बाहेर पडतानाच तिला कोणीतरी उघडून द्यावं लागत होतं, आणि घरात उघडून देणारा तो एकटाच होता.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता, हीच तर पंचाईत. लाकडावर आतून पडणारी थाप वेगळी असते. बाहेरून ठोठावणारा माणूस आशेनं ठोठावतो, जरा थांबतो, पाय आपटून थंडी झटकतो. आतून ठोठावणारा थांबत नाही. आयुष्यभर विलाड्सनं कोपनहेगनच्या पश्चिम वेशीवर बाहेरूनच थापा ऐकल्या होत्या. बापाबरोबर पहाऱ्याला यायचा तेव्हापासून, उशिरा आलेल्या गाडीवानांच्या, पावसात भिजलेल्या शेतकऱ्यांच्या, पिऊन आलेल्या खलाशांच्या. वेढा पडला त्या दोन हिवाळ्यांत तर बाहेरून स्वीडिश तोफांच्याच थापा. आणि हा तट, ही वेस, हा खंदक हे सगळं बाहेरच्यासाठी आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. खंदक गोठला की शत्रू चालत येणार, म्हणून रोज सकाळी करवती घेऊन अख्खं शहर बर्फ कापायला उतरायचं. रंगारी, न्हावी, पाद्री, विद्यार्थी, सगळे एका दोरीला लागायचे. आज कापलेलं उद्या पुन्हा गोठायचं, आणि मुलगा थोगर म्हणायचा, "बाबा, हे तर तुमच्या रंगाच्या पिंपासारखं झालं, ढवळा आणि पुन्हा ढवळा." घोड्याचं मांस खाऊन पोराचे गाल बसले होते, पण जीभ शाबूत होती. हल्ला झाला त्या रात्री शत्रू बर्फात दिसू नये म्हणून अंगावर पांढरे सदरे घालून आला. गेर्ट्रुड आणि गल्लीतल्या बाया रंगाच्या कढयांतून उकळतं पाणी तटावर वाहून नेत होत्या. सकाळी खंदकात पांढरे सदरे निळे पडलेले दिसले. थोगर तटाच्या आतल्या बाजूला पायऱ्यांवर बसल्यासारखा सापडला. त्याच्या अंगावर विलाड्सनंच रंगवलेला कोट होता, आणि तो रंग, मेलं काय करावं, फार छान बसला होता.

तेव्हा सरदार मोगेन्ससाहेब कुठे होते? आपल्या जहागिरीवर, शेकोटीपाशी. हे विलाड्सनं कधी कोणाला मोठ्यानं विचारलं नाही. त्याच्या मनात ते दाढेतल्या फटीसारखं होतं, जीभ सारखी तिकडेच जायची. त्यात मोगेन्ससाहेबांशी त्याचं नातंही असं की धड तोडता येईना, धड धरता येईना. थोगर जन्मला त्याच महिन्यात साहेबांची बायको बाळंतपणात गेली, आणि त्यांची तान्ही मुलगी इदे कापडात गुंडाळून या गल्लीत आली. गेर्ट्रुडला दोघांपुरतं दूध होतं. एका कुशीला थोगर, एका कुशीला इदे. दोन वर्षं ती पोर त्यांच्याच घरात रांगली, निळीच्या पिंपाशी जाऊन हात बुडवून आली, आणि साहेबांची माणसं तिला न्यायला आली तेव्हा तिची बोटं निळीच होती. गेर्ट्रुड महिनाभर रडली. विलाड्सही रडला होता, पण पिंपावर वाकून. तिथल्या वासानं डोळ्यांत पाणी येतंच, कोणी विचारत नाही. पुढे मोठी झाल्यावरही इदे शहरात आली की या घरी यायची, गेर्ट्रुडला आईच म्हणायची, त्याला काका. वेढा उठल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तिला मुलगा झाला. नवरा नॉर्वेला चाकरीवर. तिनं पोराचं नाव ठेवलं थोगर. मेलेल्याचं नाव घरातल्या पुढच्या तान्ह्याला द्यायचं, म्हणजे मेलेला बेवारस फिरत राहत नाही, ही तर त्यांच्याकडची जुनी रीत. पण ते आपल्या घरातल्या तान्ह्याला. बारशाच्या दिवशी गेर्ट्रुडचा चेहरा असा उजळला होता की विलाड्सला तिच्याकडे बघवेना. तो वेदीजवळ उभा राहिला, हसला, पोराला निळ्या कापडाचा तागा दिला, आणि त्याच्या आत कोणीतरी बारीक आवाजात म्हणत होतं: दूध नेलं, आता नावही नेलं. आपल्याला काय उरलं? आपल्याला आता ते नाव हाक मारायलाही त्यांच्या दारात जावं लागणार.

मग ऑक्टोबर आला. लढाईनं राज्य भिकेला लागलेलं, म्हणून राजानं सगळ्यांना शहरात बोलावलं होतं: सरदार, पाद्री आणि शहरांचे लोक. कर कोणी भरायचा यावर बोलणी चालली होती. सरदार म्हणायचे, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या माफीतले. शहरवाले म्हणायचे, तट आम्ही राखला, कर सगळ्यांना सारखा. एके दिवशी पुलावर एका सरदारानं शहरवाल्यांच्या घोळक्याला "बाजूला व्हा रे, कुळं कुठली" असं म्हटलं, आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत प्रत्येक गल्लीत जाऊन आलं. शहरवाल्यांनी ठरवलं, सरदारांची खोड मोडायची तर राजाचा हात मोठा करायचा. आजवर सरदार राजा निवडायचे, ते बंद करून त्याचं राज्य वंशपरंपरेचं करून टाकायचं. मग त्याला गादीवर बसताना सरदारांना वचनपत्र लिहून द्यायला नको. सरदार मानेनात. ते शहर सोडून निघून गेले असते तर बोलणीच संपली असती. म्हणून एका सकाळी वाड्यावरून हुकूम आला: संकटाची वेळ आहे, वेशी बंद. पहारे दुप्पट. धक्क्यावरच्या होड्या ओढून बंदराच्या मध्यावर नेऊन ठेवा. परवान्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही. कसलं संकट? शत्रू तर केव्हाच गेला होता. पण ढोल वाजला आणि विलाड्सच्या अंगावर काटा आला तो आनंदाचा. शहरवाल्यांच्या पथकात तो नाईक होता. पश्चिम वेशीवर त्याची नेमणूक झाली. मोठ्या कवाडाच्या किल्ल्या वाड्यावर, त्यातल्या लहान दाराची, दिंडीची, किल्ली त्याच्या कमरेला. शेजारी पहाऱ्यावर ओलुफ पिंपवाला, जन्माचा टवाळ. तो तटावर चढून आला आणि म्हणाला, "विलाड्स, तोफांकडे बघ. तोंडं आत वळवलीत काय रे?" तोफा होत्या तशाच होत्या, बाहेर तोंड करून. पण ओलुफ म्हणाला तेव्हापासून विलाड्सला त्या वळलेल्याच दिसायला लागल्या.

इदे बापाचं घर बघायला म्हणून शहरात आली होती. शहरात ताप होता, म्हणून पोराला वेशीबाहेर व्हाल्बीला एका दाईकडे ठेवलेलं. चालत गेलं तर दुपारच्या जेवणाआधी माणूस पोचतो. दूधवाल्यांना तेवढं आत सोडत होते. त्यातल्या एकीनं निरोप आणला की दाईचं दूध आटलंय आणि पोर तापानं फणफणलंय. इदे धावत वेशीवर आली, मागोमाग गेर्ट्रुड. कमानीखाली अंधार, ओल, घोड्यांच्या मुताचा वास. "काका, दिंडी उघडा," इदे म्हणाली. फक्त एवढंच, जणू स्वयंपाकघराचं दार. तेव्हा विलाड्सनं आवाज वेगळा काढला, पहाऱ्याचा. "परवाना आणा, बाईसाहेब." त्यानं तिला कधी बाईसाहेब म्हटलं नव्हतं. ती गोंधळली. "काका, मी इदे." "दिसतंय. कोणाची परवानगी आहे?" गेर्ट्रुड पुढे आली. "अहो, तिला नका सोडू, मला तर सोडा. मी काही सरदारीण नाही. मी पोराला घेऊन येते." तो म्हणाला, "सगळ्यांना एकच नियम." दोघी परवान्याच्या कचेरीत गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, आणि सरदारांच्या घरच्या कामासाठी परवाना नाही हे ऐकून परत आल्या. या वेळी इदेनं विनवणी केली नाही. ती त्याच्या शेजारून पुढे गेली आणि दिंडीवर मुठी मारायला लागली. आतून. पलीकडे कोणी नव्हतं. पलीकडे पूल, खंदक, ओसाड रस्ता. त्याच्या खांद्याजवळचं लाकूड थरथरत होतं, कमरेची किल्ली थरथरत होती. "बाईसाहेब," तो म्हणाला, "चार दिवसांची तर गोष्ट आहे." ओलुफ खालच्या आवाजात बोलला, "जाऊ दे ना लेका, कोण बघतंय?" विलाड्सनं मान हलवली. हुकूम हुकूम असतो. आणि हुकूम होताच, ते काही खोटं नव्हतं. पण त्या वेळी त्याच्या छातीत जे पसरत गेलं ते हुकमाचं नव्हतं. ते गोड होतं. थंडीत पहिला घोट पोटात उतरावा तसं. इतकी वर्षं या लोकांनी आपल्याला थांबवलं, आज ही माझ्यापुढे थांबली आहे. एक नाही म्हणायला तोंड उघडलं आणि सगळं आयुष्य सरळ झालं. ते कोणाला कळलं नाही, असं तो धरून चालला होता.

सरदार नमले. शहरातून बाहेर पडता येत नाही म्हटल्यावर माणूस किती दिवस ताठ राहणार? राजाला राज्य वंशपरंपरेनं दिलं, जुनं वचनपत्र रद्द करून त्याला परत दिलं, आणि मग खरी गंमत झाली. आता नवा कायदा काय करायचा, यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाद्री शहरवाल्यांकडे, शहरवाले सरदारांकडे. कोणालाच कोणावर भरवसा नव्हता. शेवटी ठरलं, राजाच लिहील की. तो काय आपलं वाईट करणार आहे? वाड्यासमोर शपथेचा दिवस झाला तेव्हा विलाड्स पथकात पुढच्या रांगेत होता. लाल कापड अंथरलेलं होतं. एवढं लाल एकसारखं उतरवणं सोपं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. ज्यांनी कुळं म्हटलं होतं ते आता त्याच्यासारखेच गुडघ्यावर होते, त्याच चिखलात, आणि त्यानं इतक्या जोरात जयजयकार केला की दोन दिवस घसा बसला. वेशी उघडल्या. इदे व्हाल्बीला पोचली तेव्हा पोराला पुरून झालं होतं. शेजारच्या बायांनी त्याला निळ्या कापडात गुंडाळलं होतं; घरात तेच एक चांगलं कापड होतं. हे सगळं गेर्ट्रुडनं येऊन सांगितलं, चुलीशी उभं राहून, त्याच्याकडे न बघता. त्यानं बसलेल्या घशानं "देवाची मर्जी" म्हटलं. आवाज नीट फुटलाच नाही. आणि त्यानंतर काही दिवसांनी ती पहिली थाप पडली.

हिवाळाभर तो त्या थापेत राहिला. पिंप ढवळताना ऐकू यायची, चर्चमध्ये ऐकू यायची, गल्लीत कोणी पिंपाला कडं ठोकत असलं तरी तो कडी उचलायला अर्धा उठायचा. एकदा त्यानं कडीच काढून टाकली आणि दार नुसतं लोटून ठेवलं. गेर्ट्रुड आली, दार फटीएवढं उघडं होतं, वारा आत येत होता. तिनं त्या उघड्या दारावर थाप मारली आणि थांबली. त्यानं कडी परत बसवली. एकदा चिडून तो उठलाच नाही. बघू किती वेळ उभी राहते. ती उभी राहिली. पेज थिजली, विस्तव विझत आला, ती उभी. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "कुठे निघालीस? कशाला?" आणि आपण काय विचारलं ते कानांवर पडल्यावर त्यानं धडपडत उठून कडी उचलली. वेशीवरचाच आवाज होता. तो आवाज त्यानं पहाऱ्याच्या पट्ट्याबरोबर परत केला असं त्याला वाटत होतं. तो तर घरी आला होता, जेवत होता, झोपत होता. त्याला थोगर आठवायचा प्रयत्न करावा लागे. पायऱ्यांवर बसलेला थोगर. पण आता त्या पायऱ्यांवर दोघं असायची, एक मोठं, एक तान्हं, आणि दोघांचं नाव एक असल्यामुळे हाक मारायची तर कोणाला, हे त्याला कळेनासं झालं. नाव वारशानं दिलं की मेलेला शांत होतो म्हणतात. ज्याला दिलं तोही मेला तर? याची रीत कोणी सांगितलेली नव्हती.

बर्फाच्या दिवसांतच राजाचा कागद फिरत आला. ओलुफ बोलवायला आला, नाक लाल, दाराशीच पाय झटकत. "चला नाईकसाहेब, सही करायची. सगळे अधिकार राजाला, एकट्याला, कायमचे. सरदारांच्या मोहरा, पाद्र्यांच्या मोहरा, आता शहरवाले." विलाड्स म्हणाला, "आणि आपला हक्क? कर सारखा करणार होते तो?" "झाला की सारखा. आता त्यांनाही विचारत नाहीत, आपल्यालाही विचारत नाहीत. याहून सारखं काय पाहिजे तुला?" ओलुफ हसला, मग हसायचा थांबला. "वेशीवर जाऊन बघ एकदा. पहारा अजून दुप्पटच आहे. मी विचारलं, अरे, संकट संपलं ना? तर पोरगं म्हणतं, संपल्याचा हुकूम नाही आला." विलाड्स गेला. कारागिरांच्या गिल्डच्या दालनात मेण वितळल्याचा वास होता. मोठमोठी माणसं रांगेत होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. त्याचा नंबर आल्यावर कारकुनानं मान वर न करता जागा दाखवली. विलाड्सला एकदम वाटलं, नाही म्हणावं. सोपं होतं, तोंड उघडायचं आणि नाही म्हणायचं. वेशीवर किती सहज जमलं होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण इथे त्याच्यापुढे मुठी मारणारं कोणी नव्हतं, आणि नाही हा शब्द त्याला फक्त वरून खाली बघत म्हणता येत होता. त्यानं खूण केली. कागदावर बोटाचा निळा डाग उमटला. कारकून म्हणाला, "हात धुऊन येत नाही का रे?"

घरी आला तर गेर्ट्रुड गाठोडं बांधून बसली होती. तो कोट न काढताच उभा राहिला. "इदे व्हाल्बीलाच राहिली आहे," ती म्हणाली. "दाईच्या घरात. बापाकडे जात नाही, कुठेच जात नाही. खात नाही म्हणे. मी तिच्याकडे जाते." विलाड्स बाकावर बसला. मघाशी दालनात अडकलेलं सगळं आता बाहेर पडलं. "गेर्ट्रुड, हुकूम होता," तो म्हणाला. "मी उघडलं असतं तर मला फाशी दिली असती. कोणीही हेच केलं असतं."

"हुकूम होता. मला ठाऊक आहे," ती म्हणाली. किती महिन्यांनी ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. "पुष्कळांनी हुकूम पाळले त्या दिवसांत. मी तुम्हाला त्याबद्दल काही म्हटलं का? मी मनाची समजूत घातली असती. थोगरच्या वेळी घातली तशी घातली असती."

"मग?"

"तुम्ही हसलात."

 विस्तवात लाकूड खाली बसलं.

"ती मुठी मारत होती आणि तुम्ही हसलात. एवढंसं, मिशीत. मी समोरच उभी होते. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली, तुमचं हसू मला ओळखता येणार नाही? थोगर झाला तेव्हा हसलात तसं हसलात तुम्ही."

त्याला वाटलं, आता पाय धरावेत, आता सांगून टाकावं की हो, गोड वाटलं होतं, आणि त्या दिवसापासून तोंडाला दुसरी चवच नाही. पण सांगून काय होणार होतं? तिला ते त्याच्या आधीपासून माहीत होतं. "परत कधी येशील?" एवढंच त्यानं विचारलं, आणि विचारताना आवाज जपून मऊ केला, पहाऱ्याचा होऊ नये म्हणून.

"चार दिवसांची तर गोष्ट आहे," गेर्ट्रुड म्हणाली. तिनं गाठोडं उचललं, दाराशी गेली, आणि आतून थाप मारली. तो उठला. कडी उचलली, दार सताड उघडलं, बाजूला झाला. बाहेर बर्फ पडून गेलेलं, गल्ली पांढरी आणि शांत. ती उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली. "तुम्ही दर वेळी उघडलंत," ती म्हणाली. "तेव्हा एकदा उघडायचं होतं." आणि गेली. रागानं नाही गेली. पाय घसरू नये म्हणून भिंतीला हात लावत, म्हातारी होऊ लागलेली बाई जाते तशी गेली. कोपऱ्यावर ती वळेपर्यंत त्यानं बघितलं, मग वारा आत येत होता म्हणून दार लोटलं, कडी घातली.

घर रिकामं होतं, आणि ठोठावणारं आता कोणी नव्हतं. त्याला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला. तो पेजेचं भांडं विस्तवावर ठेवायला वळला तेव्हा बाकाखाली तिचे लोकरीचे हातमोजे दिसले. ती विसरली होती. व्हाल्बीचा रस्ता उघडा, खंदकावरून येणारा वारा सुरीसारखा. तिच्या बोटांना आधीच भेगा पडलेल्या. धावलो तर वेशीपाशी गाठता येईल. आणि गाठलं की नुसते मोजे देऊन परत यायचं नाही, गाठोडं हातातून घ्यायचं, तिच्याबरोबर व्हाल्बीपर्यंत जायचं, इदेसमोर उभं राहायचं, ती जे करील ते करू दे. हे सगळं त्याच्या मनात एका दमात आलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कुठेतरी जावंसं वाटलं. त्यानं मोजे छातीशी धरले आणि चार पावलांत दाराशी पोचला.

तिथे त्याचा हात वर गेला, आणि कडीकडे न जाता मूठ वळून दारावर पडली. एकदा. मग पुन्हा. विलाड्स रंगारी आपल्या घरात, आपल्या दारासमोर, बायकोचे मोजे धरून उभा राहिला आणि कोणीतरी उघडेल म्हणून थांबला. कडी त्याच्या हाताशीच होती.